नाशिकहून श्रीलंका: पाठीवर सॅक, साधी बस आणि डोंगरवाटा

गोदाकाठ (धागाकर्ती)

श्रीलंकेची सहल म्हटली की आपल्याकडच्या जाहिरातींत ठरावीक आखणी दिसते. विमानतळावर वातानुकूलित गाडी हजर, मग कँडी, नुवारा एलिया, एखादा समुद्रकिनारा आणि परत. ज्यांचे गुडघे हरिहरच्या पायऱ्यांनी आणि साल्हेरच्या चढाने तयार झाले आहेत आणि ज्यांनी निम्मी भटकंती एसटीच्या भरवशावर केली आहे, त्यांनी हे बेट साध्या बसने पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी लागणारी माहिती एका जागी असावी म्हणून हा धागा काढत आहे.

बेटाचे क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक पंचमांशाहून किंचित अधिक आहे. एवढ्या जागेत २,५२४ मीटर उंचीचे पिदुरुतलागला शिखर, चहाचे मळे, कोरड्या प्रदेशातले प्राचीन तलाव, हत्तींची अभयारण्ये आणि चहूबाजूंनी समुद्र सामावलेला आहे. त्यामुळे नकाशावर अंतरे किरकोळ वाटतात, परंतु घाटात त्यांचा हिशेब किलोमीटरमध्ये न करता तासांमध्ये करावा. कँडी ते नुवारा एलिया हे अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि रंबोडा घाटाच्या वळणांतून बसला अडीच ते तीन तास लागतात. एका दिवसात एकच लांब टप्पा ठेवावा आणि तो सकाळी उरकावा. दुपारनंतर डोंगरात ढग उतरतात आणि आडवाटेवरच्या बसही कमी होतात.

बसचे दोन प्रकार आहेत. श्रीलंका ट्रान्सपोर्ट बोर्डाच्या लाल बस सरकारी आहेत आणि बाकीच्या खासगी. दोन्हींना मार्ग क्रमांक एकच असतो, उदाहरणार्थ कोलंबो ते कँडी १, कोलंबो ते गॉल २ आणि कोलंबो ते बदुल्ला ९९. पाटी सिंहली, तमिळ आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असते, म्हणून चुकण्याची भीती फारशी नाही. साध्या बसला आरक्षण नसते. चढावे, जागा मिळाली तर बसावे आणि कंडक्टर आला की पैसे द्यावेत. दारामागच्या पहिल्या आसनांवर भिक्खूंसाठी राखीव अशी खूण असते. गाडी रिकामी असली तरी एखादे चीवरधारी भिक्खू चढताच तिथला प्रवासी न सांगता उठतो, तेव्हा आपणही उठावे. चालकाच्या डोक्यावर बुद्धाची तसबीर, भोवती लुकलुकणारे दिवे आणि कित्येकदा शेजारीच गणपती असतो. बस बहुतेक लंका अशोक लेलँडच्या असल्याने इंजिनाची घरघर आपल्या कानांना ओळखीची वाटते. सामानासाठी मात्र टप नाही. सॅक चालकाशेजारच्या इंजिनाच्या झाकणावर किंवा मागच्या आसनाखाली जाते, म्हणून ती चाळीस लिटरहून मोठी नसावी.

दिवाळीच्या सुट्टीत जाण्याचा विचार असेल तर तो बदलावा, हे आताच सांगते. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे दोन पावसाळ्यांच्या मधले महिने आहेत, आणि त्या काळात जवळजवळ संपूर्ण बेटावर दुपारी गडगडाटी पाऊस कोसळतो. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस आलेल्या दितवा चक्रीवादळाने तर डोंगराळ भागात मोठ्या प्रमाणावर दरडी कोसळल्या आणि रेल्वेमार्ग व घाटरस्ते या दोहोंना फटका बसला. डिसेंबरअखेर ते मार्च हा काळ डोंगर आणि दक्षिण किनारा यांसाठी उत्तम आहे.

कसारा_लोकल

माहितीपूर्ण धागा. परंतु श्रीलंकेला जाऊन कँडी ते एल्ला हा रेल्वेप्रवास न करणे म्हणजे त्र्यंबकला जाऊन कुशावर्तावरून परत फिरण्यासारखे नाही का? सहा-सात तास चहाच्या मळ्यांतून जाणारी ती गाडी हेच तर तिथले मुख्य आकर्षण आहे. बसचा एवढा आग्रह कशासाठी?

गोदाकाठ

आग्रह रेल्वेच्या विरोधात नाही. आरक्षण ३० दिवस आधी खुले होते आणि लोकप्रिय गाड्यांची तिकिटे काही मिनिटांत संपतात. मग लोक चढ्या दराने दलालांकडून घेतात किंवा अनारक्षित डब्यात दारापाशी उभे राहून सहा तास काढतात. शिवाय रेल्वे नुवारा एलिया गावात जातच नाही, ती खाली नानू ओया स्थानकावर सोडते. बसने कँडी, नुवारा एलिया, वेलिमडा, बंडारवेला आणि एल्ला असे तुकडे पाडले तर प्रत्येक गावी उतरता येते, आणि पुढच्या बससाठी सहसा फार वेळ थांबावे लागत नाही. रेल्वेची हौस असेल तर हापुतले ते एल्ला एवढाच छोटा टप्पा साध्या तिकिटावर करावा. मार्ग सुरू आहे की नाही, हे आधी पाहून घ्यावे.

चढउतार

श्रीपादाविषयी, म्हणजे ज्याला अॅडम्स पीक म्हणतात त्याविषयी लिहितो, कारण आपल्या गटातले बहुतेक जण त्यासाठीच जातील. शिखराची उंची २,२४३ मीटर आहे. हॅटनहून मस्केलियामार्गे नल्लतन्नी या पायथ्याच्या गावापर्यंत बस जाते. हंगामात हॅटनहून थेट बस मिळतात, एरवी मस्केलियाला बदलावी लागते. यात्रेचा हंगाम डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मे महिन्यातल्या वैशाख पौर्णिमेपर्यंत असतो आणि त्या काळात संपूर्ण वाटेवर दिवे व चहाची दुकाने असतात. पायऱ्या साडेपाच हजारांच्या आसपास आहेत. सूर्योदय गाठण्यासाठी लोक रात्री दोनच्या सुमारास निघतात.

बारी गावातून कळसूबाई चढलेल्या माणसाला ही चढाई दमछाकीच्या दृष्टीने नवी नाही. चढ साधारण हजार मीटरचा आहे आणि वाट हरवण्याचा प्रश्नच येत नाही. त्रास होतो तो उतरताना, कारण पायऱ्यांची उंची समान नाही आणि गुडघ्यांना विश्रांती अशी मिळत नाही. दुसरी गोष्ट थंडीची. घामाने भिजलेल्या अंगाने वर पोहोचल्यावर सूर्योदयापर्यंत वाऱ्यात बसावे लागते, म्हणून कोरडा सदरा आणि कानटोपी सॅकमध्ये हवीच. सूर्य वर आला की सगळे पूर्वेकडे तोंड करून छायाचित्रे काढत बसतात. त्याच वेळी पश्चिमेच्या बाजूला जाऊन खाली पाहावे, शिखराची त्रिकोणी सावली धुक्यावर पसरलेली दिसते आणि ती थोड्याच वेळात आक्रसत जाते.

शनिवार-रविवार आणि पौर्णिमा टाळावी. हंगामातल्या पौर्णिमेला वरच्या पायऱ्यांवर रांग पुढे सरकत नाही आणि सूर्योदय रांगेतच होतो.

द्राक्षबाग

आमच्या निफाडकडच्या लोकांची अडचण वेगळी आहे. जानेवारी ते मार्च द्राक्षे काढणीचा काळ असतो आणि एप्रिलमध्ये वेलींची खरड छाटणी. त्यामुळे डिसेंबर ते मार्च हा तुमचा उत्तम काळ आमच्या काही कामाचा नाही. जुलैमध्ये आठ-दहा दिवस मोकळे होऊ शकतात. तेव्हा तिकडे नैर्ऋत्य मोसमी पाऊस असणार, मग जाण्यात अर्थ आहे का?

गोदाकाठ

दादा, अर्थ आहे. फक्त बेटाची बाजू बदलावी लागेल. नैर्ऋत्य पाऊस मे ते सप्टेंबर कोलंबो, गॉल, कितुलगला आणि डोंगरांचा पश्चिम उतार भिजवतो. पूर्व आणि उत्तर भाग त्या वेळी कोरडा असतो. एल्ला आणि हापुतले जिथे आहेत तो उवा प्रांत डोंगरांच्या आडोशाला येतो. जुलै ते सप्टेंबरमध्ये तिथे कोरडे वारे वाहतात आणि उवाच्या चहाचा उत्तम दर्जाचा हंगाम नेमका तोच असतो, हे शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगायला नको.

तुमच्यासाठी मी अशी आखणी सुचवीन: विमानतळाजवळच्या नेगोंबोहून कुरुनेगलामार्गे दंबुल्ला, तिथून सिगिरिया, मग हबरनमार्गे त्रिंकोमाली. निलावेली किनाऱ्यासमोरच्या पिजन आयलंड राष्ट्रीय उद्यानात प्रवाळ आणि लहान शार्क मासे पाण्यावर तरंगत पाहता येतात. तिथून परत दंबुल्लामार्गे कँडी आणि मग एल्ला. एल्लाहून वेल्लवाया आणि मोनरागला येथे बस बदलून पोत्तुविल गाठावे. पोत्तुविलहून आरुगम बे तीन-चार किलोमीटरवर आहे आणि रिक्षा मिळते. आरुगम बेला लाटांवर स्वार होण्याचा, म्हणजे सर्फिंगचा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर असतो, पण तिथली मुख्य लाट नवशिक्यांसाठी नाही. शिकायचे असेल तर जवळचे सौम्य किनारे दाखवणारे शिक्षक असतात. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी त्याऐवजी दक्षिणेकडच्या वेलिगामाला शिकावे. तिथला उपसागर उथळ आणि तळ वाळूचा आहे, त्यामुळे पडले तरी खरचटण्यावर भागते.

रानजाई

एकट्या स्त्रीने बसने फिरण्याविषयी कोणी विचारण्याआधीच लिहिते. दिवसाच्या प्रवासात मला सर्वसाधारणपणे सुरक्षित वाटले आणि शाळकरी मुली, शिक्षिका, चहामळ्यातल्या कामगार स्त्रिया यांची बसमध्ये सतत ये-जा असते. तरीही उभ्याने प्रवास करावा लागणाऱ्या गच्च गाड्यांत नको तेवढ्या सलगीने उभे राहणारे पुरुष तिथेही आहेत. अशा वेळी मोठ्याने बोलावे, कंडक्टर दखल घेतो. शक्यतो बस जिथून सुटते तिथेच चढावे, म्हणजे खिडकीची जागा मिळते. कोलंबोतल्या पेट्टा भागात सरकारी आणि खासगी स्थानके वेगवेगळी असून गोंगाट प्रचंड आहे. तिथे एखादा अनोळखी गृहस्थ आपणहून सॅक उचलून "बस आज बंद आहे, माझ्या रिक्षाने चला" असे सांगू लागला तर सॅक काढून घ्यावी आणि सरळ कंडक्टरला विचारावे.

मुक्कामासाठी घरगुती राहण्याच्या सोयी उत्तम आहेत. एल्ला, हापुतले, सिगिरिया येथे कुटुंबे घराच्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देतात आणि सकाळचा नाश्ता भरपेट असतो.

जुना_रस्ता

सर्वांचा उत्साह पाहून बरे वाटले, तरी एक गंभीर मुद्दा कोणी मांडलेला नाही. मे २०२५ मध्ये कोतमले भागात बस दरीत कोसळून वीसहून अधिक माणसे दगावली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एल्ला ते वेल्लवाया रस्त्यावर बस कोसळून पंधरा जणांचा मृत्यू झाला. तुम्ही सुचवत आहात तेच हे रस्ते. खासगी बस एकमेकांशी शर्यत लावतात, हे मी स्वतः पाहिले आहे. मुले आणि वृद्ध आई-वडील बरोबर असतील तर चालकासह गाडी करणेच शहाणपणाचे. चार-पाच जणांत खर्च विभागला की तो फार जड जात नाही.

गोदाकाठ

काका, मुद्दा रास्त आहे. आई-वडील बरोबर असतील तर मीही गाडीच करीन. तरुणांनी बस निवडली तरी रात्रीचा घाटप्रवास करू नये. कोतमलेचा अपघात पहाटे झाला होता आणि सप्टेंबरचा रात्री. खासगी आणि लाल बस एकाच वेळी उभ्या असतील तर मी लाल बस पसंत करते. ती रखडते आणि नेमके तेच मला हवे असते. चालक बेफाम हाकत असेल तर पुढच्या गावी उतरून जावे. तिकीट इतके स्वस्त आहे की ते वाया गेल्याचे दुःख होऊ नये.

बसच्या आवाक्याबाहेरच्या जागाही सांगायला हव्यात, कारण "सगळे बसने होते" हा गैरसमज नको. हॉर्टन प्लेन्स या पठारावरच्या राष्ट्रीय उद्यानाला बस जात नाही. नुवारा एलियाहून पहाटे पाचच्या सुमारास गाडी करून निघावे लागते. आतली फेरी नऊ-साडेनऊ किलोमीटरची आहे आणि वर्ल्ड्स एंडचा कडा साडेआठशे मीटरहून अधिक खोल कोसळतो. नऊ-दहाच्या सुमारास ढग चढले की समोर फक्त पांढरा पडदा उरतो. प्रवेशद्वारावर सॅक उघडून पाहतात, बिस्किटांची वेष्टने काढून घेतात आणि पाण्याच्या बाटलीवरचा प्लास्टिकचा कागदही सोलून ठेवतात. आपल्या गडांवर हे कधी सुरू होईल, असे तिथे उभे असताना वाटल्याशिवाय राहत नाही.

याउलट हापुतलेचे लिप्टन्स सीट हे दृश्यस्थळ बसने साधते. सकाळच्या पहिल्या बसने दंबतेन्नेला जावे. बसमध्ये मळ्यातले कामगार आणि कारखान्याचे कर्मचारी असतात. तिथला चहाचा कारखाना १८९० चा, थॉमस लिप्टनने उभारलेला आहे. पुढे सात किलोमीटरची चढण मळ्यांमधूनच जाते.

पंचवटीकर_आजोबा

माझे वय डोंगर चढण्याचे राहिलेले नाही, तरीही धागा आवडीने वाचतो आहे. आम्ही सीतागुंफेच्या गल्लीतच लहानाचे मोठे झालो. अपहरणाची कथा इथे सुरू होते, तेव्हा तिचे दुसरे टोक पाहावे अशी इच्छा आहे. सीतेची अशोकवाटिका म्हणून जी जागा दाखवतात, तिथे बसने जाता येते का?

गोदाकाठ

आजोबा, नमस्कार. नुवारा एलियाहून वेलिमडा किंवा बदुल्लाकडे जाणारी कोणतीही बस घ्यावी आणि कंडक्टरला सीता एलिया असे सांगावे. साधारण पाच किलोमीटरवर रस्त्याच्या कडेलाच सीता अम्मन मंदिर आहे, पायऱ्या थोड्या आहेत आणि खाली ओढा वाहतो. ओढ्याकाठच्या खडकावरचे खळगे हनुमानाची पावले म्हणून दाखवले जातात. त्याच रस्त्यावर पुढे हकगलाचे वनस्पती उद्यान आहे आणि तिथला गुलाबांचा भाग आपल्याला निश्चित आवडेल. "रामायण दर्शन" नावाच्या महागड्या सहलींत जिथे-तिथे एखादी गुहा दाखवून रावणाशी संबंध जोडतात, त्याविषयी मी साशंक आहे. हे मंदिर मात्र स्थानिक तमिळ भाविकांचे नित्याचे श्रद्धास्थान आहे आणि तिथे जाऊन समाधान वाटते.

तरुणांसाठी त्याच ओघात सांगते, की एल्लाहून वेल्लवायाकडे जाताना लागणारा रावण एल्ला धबधबा बसच्या खिडकीतूनही दिसतो. फोटोसाठी वरच्या टप्प्यांवर चढू नये, शेवाळलेल्या खडकांवरून घसरून तिथे जीव गेले आहेत. कोसलंदाजवळच्या २२० मीटर उंचीच्या दियालुमा धबधब्याच्या माथ्यावरची डुंबण्याची कुंडेही सुंदर आहेत, पण पाऊस पडून गेला असेल तर कड्यापासून दूर राहावे.

अजून_एक_चहा

शाकाहारी माणसाचे काय होते, तेही कोणी सांगावे. घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन जाण्याची तयारी आहे.

रानजाई

दशम्या पहिल्या दोन दिवसांपुरत्या ठेवा, त्यापुढे गरज भासणार नाही. भात आणि चार-पाच भाज्या हे तिथले रोजचे जेवण. मसुरीची नारळाच्या दुधातली आमटी, फणसाची भाजी, बीटाची भाजी, पालेभाजी असे त्यात येते. सावध राहावे ते नारळाच्या चटणीबाबत. पोल सांबोल दिसायला निव्वळ खोबऱ्याची आणि मिरचीची असते, परंतु तिच्यात बहुधा सुकवलेल्या माशाचा चुरा घालतात. मासा नको, असे आधी सांगितले तर घरगुती मुक्कामात ती ताजी वाटून देतात. कँडी, हॅटन, नुवारा एलिया आणि त्रिंकोमाली येथे तमिळ शैव उपाहारगृहे आहेत, तिथे इडली-डोसा निःशंकपणे खावा. तिस्समहारामकडे गेलात तर रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर मातीच्या पसरट भांड्यांत म्हशीचे घट्ट दही रचून ठेवलेले दिसेल. त्यावर माडासारख्या झाडाच्या रसाची काकवी ओतून देतात. कवठाचे सरबतही सर्वत्र मिळते.

कसारा_लोकल

रेल्वेचा मुद्दा मागे घेतो. कितुलगलाच्या राफ्टिंगविषयी कोणी लिहिले नाही.

चढउतार

कितुलगला हे केलनी नदीकाठचे गाव अविस्सावेला ते हॅटन या रस्त्यावर आहे, म्हणजे कोलंबोहून श्रीपादाला जाताना आपोआप वाटेत लागते. नदीचे खळाळ दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे आहेत, त्यामुळे पोहता न येणाऱ्यालाही जीवरक्षक जाकीट घालून करता येते. नौका घेण्यापूर्वी शिरस्त्राणाचा पट्टा बसतो का आणि जाकिटाचे बकल तुटलेले नाही ना, हे स्वतः तपासावे. आम्हाला एका ठिकाणी फाटकी जाकिटे पुढे केली होती, आम्ही ती नाकारली आणि शेजारच्याकडे गेलो. सिंहराज किंवा नकल्सच्या जंगलात शिरणार असाल तर जळवांसाठी लांब मोजे आणि मीठ जवळ ठेवावे.

सिगिरियाविषयी एकच भर घालतो. पाचव्या शतकात कश्यप राजाने वसवलेला हा खडक चढताना सिंहाच्या भव्य शिल्पाच्या पंजांपाशी गांधीलमाश्यांपासून सावध राहण्याच्या पाट्या आहेत. आपल्याकडे गडांवर आग्या मोहोळ उठते तसाच हा प्रकार असल्याने तिथे आरडाओरडा करू नये आणि सुगंधी फवारे मारू नयेत. सार्क देशांच्या नागरिकांना पासपोर्ट दाखवल्यावर सवलतीचे तिकीट मिळते, तेव्हा मूळ पासपोर्ट बरोबर हवा. पैसे वाचवायचे असतील तर समोरच्या पिदुरंगलावर पहाटे चढावे, सिगिरियाचा संपूर्ण खडक तिथूनच दिसतो.

द्राक्षबाग

ठरले, जुलैमध्ये आम्ही चौघे जाणार. पैसे, परवानगी आणि परतीविषयी थोडे सांगावे.

गोदाकाठ

भारतीयांनी निघण्यापूर्वी ऑनलाइन प्रवास परवानगी काढावी. शुल्काचे नियम बदलत असतात, म्हणून ती फक्त सरकारी संकेतस्थळावरूनच काढावी. मिळत्याजुळत्या नावांची खासगी संकेतस्थळे जास्त पैसे घेतात. मोठ्या दुकानांत फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय चालते. बसमध्ये मात्र रोखच लागते आणि कंडक्टर पाच हजारांची नोट पाहून वैतागतो, म्हणून शंभर आणि पन्नासच्या नोटा वरच्या खिशात ठेवाव्यात. जुलैतली पौर्णिमा कोणत्या दिवशी आहे ते पाहून घ्या. प्रत्येक पौर्णिमेला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, मद्यविक्री बंद असते आणि आदल्या संध्याकाळपासून बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

मुंबईहून कोलंबोचे थेट विमान अडीच तासांच्या आसपास पोहोचवते, पण जुलैत कसारा घाट आणि ठाण्यापुढची वाहतूक धरून नाशिकहून बरेच आधी निघावे. परतीला आरुगम बेहून एका दमात विमानतळ गाठण्याचा बेत करू नका. पोत्तुविलहून कोलंबोला रात्रीच्या बस आहेत, परंतु तो रात्रभरचा प्रवास आहे आणि काकांनी वर जे लिहिले ते लक्षात घेता दिवसा निघून आदला मुक्काम नेगोंबोला करावा. विमानतळ तिथून जवळ आहे. थेट कोलंबोतच उतरलात तर पेट्टाहून १८७ क्रमांकाची बस विमानतळाकडे जाते.

द्राक्षबाग

आभारी आहे ताई. सॅक चाळीस लिटरचीच घेतो, आणि लाटांवर स्वार होण्याचे काम धाकट्या भावाकडे देतो.